जळगाव, जयगाव, जलगाँव

खानदेशाच्या नकाशावर 'ळ'ची नुसती पेरणी झालेली आहे. जळगाव, धुळे, चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, भुसावळ. पण हा ळ खानदेशातल्या खेड्यापाड्यांत फारसा कुणाच्या तोंडी नाही. अहिराणी बोलणारा शेतकरी 'जयगावले' जातो, 'चायीसगाव'ला त्याचे सोयरे असतात, त्याचा डोळा 'डोया' असतो आणि त्याची पोरे 'शाया'त जातात. जळगाव परिसरातल्या लेवा गणबोलीतही तेच. बहिणाबाई चौधरींची कविता छापली गेली तेव्हा त्यांचा हा य छापील पानावर आला, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्या विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र उत्तरपत्रिकेवर 'डोया' लिहिणाऱ्याचे काय होईल, हे सांगायला नको.

दुसरीकडे आमच्या मोहल्ल्यात जळगावचे 'जलगाँव' होते आणि धुळ्याचे 'धूलिया'. उर्दूत ळ नाही, आणि उर्दू लिपीत त्यासाठी अक्षरही नाही. म्हणजे ळ आहे तो सरकारी पाटीवर, पुस्तकात आणि साहेबाच्या तोंडी. बाकी गाव एक तर य म्हणते, नाही तर ल.

आम्ही चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो आणि पाचवीला मराठी शाळेत गेलो. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी धडा वाचायला उभे केले. 'शाळा' हा शब्द आला आणि आम्ही 'शाला' वाचले. वर्ग हसला. मागच्या बाकावर पारोळ्याकडच्या खेड्यातून आलेला एका पाटलाचा मुलगा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने 'शाया' वाचले. वर्ग पुन्हा हसला. गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्या मुलाला ते म्हणाले, "जरा शहरात आलास, आता गावंढळपणा सोड." आम्हाला म्हणाले, "तुमच्या लोकांना ळ येतच नाही." पुढे 'पाणी' आले. अहिराणीतही पानी आणि उर्दूतही पानी, त्यामुळे आम्ही दोघांनी अगदी एकच उच्चार केला. तरीही तो अडाणी ठरला आणि आम्ही परके ठरलो.

आवाज एकच, पण निवाडे दोन, हे कोडे त्या दिवसापासून आमच्या मनात आहे. अलीकडे ते पुन्हा वर आले, त्याला कारण आमचा भाचा.

भाचा संगणकाचे शिक्षण घेतो आणि भाषांच्या आवाजांचा अभ्यास संगणकावर कसा करतात हे त्याने शिकून घेतले आहे. बकरी ईदेला घरी आला तो लॅपटॉप घेऊनच. त्यात 'प्रात' नावाचा प्रोग्रॅम होता. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक या दोघांनी तो तयार केला, आणि तो कुणालाही फुकट मिळतो. डच भाषेत 'प्रात' म्हणजे 'बोल'. आपण बोललो की पडद्यावर त्या बोलण्याचे चित्र उमटते. घशातून निघालेला आवाज तोंडाच्या पोकळीत घुमतो. जीभ जिथे असेल त्याप्रमाणे ती पोकळी आकार बदलते, काही कंपने जोरात घुमतात, काही दबतात. जोरात घुमणारी कंपने आडव्या काळ्या पट्ट्यांसारखी दिसतात. ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळते, तेव्हा खालून तिसरा पट्टा खाली झुकतो. य म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे चढतो आणि दुसरा पट्टा वर जातो. ल म्हणताना टोक दातांमागे टेकते, पट्टे फिके होतात पण वळसे घेत नाहीत. आम्ही तिन्ही आवाज काढून पाहिले. पाचवीत जो ळ आम्हाला येत नव्हता, त्याचा झुकलेला पट्टा पाहून या वयातही थोडे बरे वाटले, हे खोटे कशाला सांगा.

मग भाच्याने मोजणी दाखवली. लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ साली एक साधा हिशेब मांडला होता. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती ठिकाणी बदल, भर किंवा काट करावी लागते, तितके त्या दोन शब्दांमधले अंतर. पुढे ब्रेट केसलर यांनी १९९५ मध्ये आयर्लंडच्या बोलींवर हा हिशेब चालवून पाहिला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात जॉन नेरबोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच बोलींचे नकाशेच्या नकाशे या रीतीने काढले. शेकडो गावे, शेकडो शब्द, आणि प्रत्येक दोन गावांमधले अंतर. हाताने करायचे तर आयुष्य जाईल. संगणकाला फार वेळ लागत नाही.

हा हिशेब आमच्या घरच्या शब्दांना लावू. काळा, काया, काला. मराठीपासून अहिराणी एक पाऊल दूर, मराठीपासून उर्दू एक पाऊल दूर, आणि अहिराणीपासून उर्दूही एकच पाऊल. तिघे सारख्या अंतरावर. 'पाणी'च्या बाबतीत अहिराणी आणि उर्दू यांच्यात अंतर शून्य, आणि प्रमाण मराठी दोघींपासून एक पाऊल बाजूला उभी. बारीक हिशेब करायचा म्हटला तर ळ आणि ल एकमेकांच्या जवळचे ठरतात, कारण दोन्हींत हवा जिभेच्या कडांनी जाते, आणि य लांबचा. म्हणजे पाचवीच्या वर्गात आमचा ल त्या पाटलाच्या मुलाच्या य पेक्षा पुस्तकाच्या जास्त जवळ होता. गुरुजींना हे तेव्हा कुणी सांगायला हवे होते!

या तक्त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. इथून तिथे जितके अंतर, तितकेच तिथून इथे. 'अहिराणी ही बिघडलेली मराठी' किंवा 'मुसलमानांची मराठी अशुद्ध' हे वाक्य या गणितात लिहिताच येत नाही. बिघडले म्हणायला आधी कुणाला तरी मुळात चांगले ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची जागा तक्त्यात नाही. ती माणसाच्या डोक्यात असते. पट्ट्यांनाही जात नाही, धर्म नाही, गाव नाही. ते खाली एका रकान्यात आपण भरतो.

आवाजांची मोजणी ही काही पश्चिमेकडून आलेली नवी करामत नव्हे. मदरशात तजवीद शिकलेल्या वाचकाला अक्षरांचे मखरज ठाऊक असतात, कोणते अक्षर घशातून, कोणते टाळूवरून, कोणते ओठांवरून. आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील बिन अहमद यांनी याच क्रमाने अरबीचा कोश रचला आणि घशातून येणाऱ्या 'ऐन'पासून सुरुवात केली म्हणून त्या ग्रंथाचे नाव 'किताबुल ऐन'. अरबीच्या २८ अक्षरांपासून दोन ते पाच अक्षरांचे किती धातू बनू शकतील याचा आकडाही त्यांच्या नावावर सांगितला जातो: १,२३,०५,४१२. भाच्याने संगणकावर करून पाहिला, बरोबर तितकाच आला. त्यानंतरच्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजण्याची रीत लिहून ठेवली, पण ती कोशासाठी नव्हती. ती गुप्त लिपीतली पत्रे फोडण्यासाठी होती. मोजणीची विद्या एकच. एकाने तिच्या बळावर शब्द जमवले, दुसऱ्याने तिचा उपयोग लपलेले उघडे करायला केला.

आज आपल्यापुढचा प्रश्नही याच दोन वाटांचा आहे.

पहिली वाट ऐकले जाण्याची. आमच्या खाला सत्तरी ओलांडलेल्या. माहेर अमळनेर तालुक्यातल्या खेड्याचे, सासर जळगावचे. डोळ्यांना कमी दिसते म्हणून भाच्याने त्यांना फोनशी बोलून लिहायला शिकवले. खाला 'धुये' म्हणाल्या, फोनने भलतेच लिहिले. दोन-तीनदा तसेच झाले, मग त्यांनी फोन बाजूला ठेवला. यंत्राला जे आवाज पुरेसे ऐकवलेले नसतात ते त्याला कळत नाहीत. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच मोठ्या कंपन्यांची अशी यंत्रे तपासली, तेव्हा गोऱ्या माणसांच्या शंभर शब्दांत सरासरी १९ चुका झाल्या आणि काळ्या माणसांच्या शंभरांत ३५. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली, ती आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा समोर ठेवून. अहिराणी त्या सूचीत नाही.

सूचीतच काय, मोजदादीतही ती घसरते आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशीला मराठीपासून वेगळे काढून भिल्ली बोलींबरोबर ठेवले होते. ते बरोबर की चूक, यावर विद्वान अजून भांडतात. जनगणनेतही खानदेशी वेगळीच मोजली जाते. २००१ मध्ये ती मातृभाषा सांगणारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार राहिले. एवढी माणसे काही खानदेश सोडून गेली नाहीत. बहुधा त्यांनी मोजणाऱ्याला दुसरे नाव सांगितले. आमच्या खालांनीही 'उर्दू' लिहून दिले होते. खोटे नव्हते ते. पण पहाटे म्हशीला हाक मारताना त्यांच्या तोंडून जी भाषा निघते ती त्या कागदावर कुठेच आली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने महाराष्ट्रभर फिरून लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि ते सर्वांना ऐकायला खुले केले, हे काम आम्हाला म्हणूनच मोठे वाटते. यावल-रावेरकडचे तडवी, गावोगावचे पिंजारी, मणियार, बागवान यांच्या तोंडचे खानदेशी आवाजही असे जपले जावेत. ती माणसे गेल्यावर ते कुठून आणायचे?

आता दुसरी वाट, ओळखले जाण्याची, किंवा सरळ म्हणायचे तर पकडले जाण्याची. बायबलमध्ये एक कथा आहे. लढाईत हरलेले एफ्राइमचे लोक यार्देन नदी ओलांडून घरी परतू पाहत होते. उतारावर पहारा होता. प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला सांगत. त्यांच्या बोलीत श नव्हता, ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि तिथेच मारले जात. कथेत मेलेल्यांचा आकडा ४२ हजार दिला आहे.

श आणि स यांचीच दुसरी कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. हजरत बिलाल हबशी होते, अजान देताना त्यांच्या तोंडून शीन निघत नसे, सीन निघे. लोकांनी तक्रार केली, तेव्हा उत्तर मिळाले की बिलालचा सीन अल्लाहजवळ शीनच आहे. हदीसचे जाणकार या कथेला आधार नाही म्हणतात, आणि बिलाल यांचा उच्चार उत्तम होता असेही सांगतात. ते मान्यच करायला हवे. तरीसुद्धा इतकी शतके लोक ही कथा का सांगत आले असतील? अरबस्तानाबाहेरच्या, अरबी नीट न वळणाऱ्या कोट्यवधी जिभांना ती स्वतःची वाटली असणार. आवाज तोच, स. एका कथेत त्यापायी मान गेली, दुसऱ्या कथेत त्याच आवाजाने अजान झाली.

शिब्बोलेथची कथा जुनी झाली असे मात्र समजू नये. जर्मनीच्या निर्वासितांच्या खात्याने २०१७ पासून एक यंत्र वापरायला घेतले. कागदपत्रे नसलेल्या माणसाने फोनवर दोन मिनिटे एका चित्राचे वर्णन करायचे, आणि त्याची अरबी कुठल्या मुलखाची, हे यंत्र टक्केवारीत सांगणार. त्याच्या चुकांवरून जर्मन संसदेत प्रश्न विचारले गेले. आपल्या महाराष्ट्रातही जानेवारी २०२६ मध्ये, मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवसांत, बोलण्याच्या ढबीवरून बांगलादेशी घुसखोर ओळखणारे साधन आयआयटी मुंबईबरोबर तयार होत असल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले.

परदेशातून बेकायदा आलेल्यांचा शोध घेणे हे कुठल्याही सरकारचे काम आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो जिभेला साक्षीला बोलावण्याबद्दल. साधे गणित करू. समजा एका शहरात एक लाख माणसे आहेत आणि त्यांत शंभर बाहेरची आहेत. यंत्र शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते असे धरू, हे उदारपणे धरलेले आहे. ते त्या शंभरांतल्या नव्वदांना पकडेल. पण उरलेल्या ९९,९०० माणसांपैकी दहा टक्क्यांवर, म्हणजे ९,९९० घरच्याच माणसांवरही बोट ठेवेल. पकडलेल्या दहा हजारांत खरे सापडले नव्वद. बाकीच्यांनी आपण इथलेच आहोत हे सिद्ध करत बसायचे. आणि ती यादी कुठल्या मोहल्ल्यांतून आधी सुरू होईल, हे या अंकाच्या वाचकाला आम्ही सांगायची गरज नाही. प्राथमिक चाळणी एवढाच उपयोग करू, असे म्हणतात. चाळणीत अडकलेल्याला मात्र ती प्राथमिक वाटत नाही.

बंगाली बोलणे म्हणजे बांगलादेशी असणे नव्हे. मालदा-मुर्शिदाबादचा गवंडी आणि सीमेपलीकडचा गवंडी यांची बोली सारखी असू शकते, कारण बोली तिथे आधीपासून होती आणि सीमा १९४७ साली आली. आमच्या खानदेशाचेही तसेच. फारुकी सुलतानांचा खानदेश थाळनेरपासून बऱ्हाणपूर-असीरगडापर्यंत एक होता. आज थाळनेर महाराष्ट्रात, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. आवाजांना त्याचा पत्ता नाही.

पण यंत्राची खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती आम्हाला खालांनी दाखवली. त्याच ईदेच्या दिवशी भाच्याने त्यांना लॅपटॉपसमोर बसवले आणि कुठे राहता, एवढेच विचारले. खाला सावरून बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "जळगावला राहते." स्वच्छ ळ! तहसील कचेरीत त्या असेच बोलतात. तेवढ्यात माहेरच्या गावातल्या जुन्या शेजारणीचा फोन आला. खाला खुलल्या, अहिराणी सुरू झाली, त्यात दोनदा तरी 'जयगावले' आले. फोन ठेवल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली, "परसों जलगाँव जाना है, याद रख." लॅपटॉप चालूच राहिला होता. रात्री भाच्याने तिन्ही तुकडे उघडले. एकात तिसरा पट्टा झुकलेला, एकात दुसरा पट्टा वर चढलेला, एकात सरळ. यंत्राला विचारले असते तर ते तीन बायका म्हणाले असते, तीन जातींच्या, तीन शाळांमधल्या. बाई एकच होती, आणि दहा मिनिटांत तिने समोरचा माणूस पाहून तीनदा आवाज बदलला होता. यातला कोणता आवाज तिचा खरा, असे विचारण्यात आम्हाला तरी काही अर्थ दिसत नाही. तिन्ही तिचेच आहेत.

मग आवाज द्यावेत की न द्यावेत? न दिले तर फोन आपल्याला ऐकत नाही, आणि उद्या दवाखाना, बँक, रेशन सगळे बोलत्या यंत्रावर गेले की आपली म्हातारी माणसे दाराबाहेर उभी राहतील. दिले तर तेच आवाज उद्या पहारेकऱ्याच्या हाती लागू शकतात. सूरे रूममध्ये भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे. निशाणी आहे, म्हणून ती अभ्यासावी, मोजावी, जपावी, असे आम्हाला वाटते. पण बोलणाऱ्याने आवाज दिला तो अभ्यासाला, चौकशीला नव्हे, ही अट कागदावर आली पाहिजे, आणि आवाजासोबतच्या रकान्यात धर्म लिहिण्याचे कारण आधी त्या माणसाला सांगितले पाहिजे. काही विद्वान म्हणतील, अशा अटींनी संशोधन अडते. थोडे अडले तर अडू द्यावे.

हे आम्ही आधी करायला हवे होते, केले नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याने मोठ्या कौतुकाने खालांना ते तिन्ही तुकडे ऐकवले. त्या गप्प झाल्या. फोनवरचे बोलणेही यात आले, हे त्यांना तेव्हाच कळले. शेजारणीच्या सुनेचा काही घरगुती विषय होता. भाचा गडबडला, म्हणाला, शेजारणीचा आवाज यात नाही, फक्त तुमचाच आहे, आणि हा तुकडा फार मोलाचा आहे, अशी अहिराणी आता मिळत नाही. आम्हीही त्याच्या बाजूने दोन शब्द बोललो. खालांनी ऐकून घेतले. जळगाव आणि जलगाँव ठेवा म्हणाल्या, त्यांची हरकत नव्हती. तिसऱ्यावर बोट ठेवून विचारले, "उसको किसने पूछा?"

भाच्याने तो तुकडा त्यांच्यासमोरच पुसला.